कोणती जमीन राखायची? खारेपाटातल्या एका गावाचा निर्णय

हे प्रकरण रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग-पेण पट्ट्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि क्षेत्राचे आकडे ढोबळ ठेवले आहेत. त्या काळात मी तालुक्यात शेतीविस्ताराचं, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती आणि सल्ला पोचवण्याचं, काम करत होते आणि बहुतेक बैठकांना हजर होते. खाडीकाठच्या अनेक गावांवर हीच वेळ येते आणि प्रत्येक गाव पहिल्यापासून सुरुवात करतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतली, भातशेती मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. खाडीचं पाणी बाहेरच्या बांधाने अडवायचं, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती चढली की उघाडीची झडप पाण्याच्या दाबानेच बंद व्हायची, एवढ्यावर सगळं चालतं. जून-जुलैचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो. मग त्या गोड्या झालेल्या जमिनीत भाताचं एकच पीक निघतं. उन्हाळ्यात खालचं मीठ परत वर येतं, पुढच्या पावसाने परत धुतलं जातं. बांध किंवा उघाडी यांपैकी एक जरी निकामी झाली तरी हे चक्र तुटतं.

पूर्वी बांधाची राखण जोळाने, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामूहिक श्रमाने, व्हायची. एका बांधाखाली ज्यांची शेतं, त्यांनी मिळून हिवाळ्यात चिखल काढायचा, बांधावर चढवायचा, चिंबोऱ्यांची बिळं बुजवायची. ज्याच्या घरून माणूस आला नाही त्याने भात द्यायचं. 1979 च्या खारभूमी विकास कायद्यानंतर बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. त्यामागचा हेतू चांगला होता. पण खात्याकडे बांध शेकडो किलोमीटर आणि निधी तुटपुंजा, आणि दरम्यान गावातली तरुण मुलं कंपन्यांत, मुंबईत कामाला लागली. जोळ मोडला आणि त्याची जागा कोणी घेतली नाही. या प्रकरणाचं मूळ मला इथे दिसतं, वादळ नंतर आलं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. या गावाचा बांध तेव्हा फुटला नाही, पण लाटांनी त्याची खाडीकडची बाजू खरवडून नेली आणि उघाडीची लाकडी झडप निखळली. मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं आणि बांधाचं उरलंसुरलं दगडी पिचिंग सैल झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पौर्णिमेच्या उधाणाला, वर पाऊस आणि खाडीला पूर असताना, बांधाला खांड पडली, म्हणजे तो एका जागी फुटला.

अडचण

पहिल्या दिवशी खांड दोन-तीन हात रुंद होती. गावाने ती बुजवली नाही.

याचं कारण समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. लोकांना भीती होती की पंचनामा होण्याआधी खांड बुजवली तर नुकसान झालंच नाही असं लिहिलं जाईल. कृषी, महसूल आणि ग्रामपंचायत यांचा संयुक्त पंचनामा व्हायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात आणखी एक उधाण येऊन गेलं आणि खांड बैलगाडी आरपार जाईल एवढी झाली. त्या वर्षी राज्याने कोरडवाहू पिकाची मदत हेक्टरी 10,000 रुपयांपर्यंत वाढवली होती. या गावात निम्म्या घरांची शेती वीस-पंचवीस गुंठ्यांच्या पुढे नाही. वीस गुंठ्यांना 2,000 रुपये येतात. त्या दोन हजारांच्या आशेने थांबणं चूक होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या घरांना दुसरं काहीच मिळणार नव्हतं. भाताच्या शेतात पाणी शिरून झालेलं वैयक्तिक नुकसान 2018 पासून पीक विम्याच्या स्थानिक आपत्तींतून वगळलेलं होतं. आता खरीप 2026 पासून ते पुन्हा धरायचं ठरलं आहे. या गावाला मात्र 2021 मध्ये त्याचा उपयोग नव्हता.

2022 च्या पावसाळ्यात सुमारे 60 हेक्टरपैकी कुठेच पीक उभं राहिलं नाही. खाडीलगतच्या सखल वीसेक हेक्टरांत दिवसातून दोनदा पाणी येऊ-जाऊ लागलं. त्या पाण्यासोबत तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, बिया आल्या आणि चिखलात रुजल्या. पुढच्या हिवाळ्यात तिथे गुडघाभर तिवर होती.

तिवर उगवली की प्रश्न बदलतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि 2018 च्या निकालात ती कायम केली. जमीन खासगी असली तरी बंदी लागू होते आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड करायची तर न्यायालयाचीच परवानगी लागते. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर कांदळवन. मी स्वतः कांदळवन राखण्याच्या बाजूची आहे. वादळाच्या लाटांचा जोर तेच मोडतं आणि खाडीची मासळी त्यातच वाढते. पण बांध वेळेत दुरुस्त झाला नाही म्हणून ज्याच्या शेतात ते वाढलं, त्या माणसाचा विचार कोणत्याच नियमात नाही. बांधाला जितका उशीर, तितकी तिवर दाट आणि तितकीच परवानगी अवघड.

समोरचे पर्याय

2023 च्या सुरुवातीला देवळात बैठका सुरू झाल्या. तोवर दलाल गावात फिरू लागले होते. मुंबईला जोडणारा सागरी सेतू पुरा होत आला होता (तो जानेवारी 2024 मध्ये खुला झाला) आणि खारं पाणी शिरलेली जमीन स्वस्तात मिळते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे विकून मोकळं व्हायचं, हा पर्याय रोज दारात उभा होता. काही घरांनी तो घेतलाही.

दुसरा पर्याय बाहेरचा बांध मूळ जागी बांधण्याचा. सगळ्यांच्या मनात तोच होता. खात्याने अंदाजपत्रक केलं, पण त्या रेषेवर आता तिवर होती. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातले काही खारबांध घेतले गेले, त्यांत या गावाचा नव्हता. किनारी समुदायांसाठी हरित हवामान निधीच्या मदतीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशात चालणाऱ्या प्रकल्पाचीही चौकशी झाली. तिथे कामाची क्षेत्रं आधीच ठरलेली होती. अशा मोठ्या निधीला गाव थेट अर्ज करू शकत नाही, राज्य आणि राष्ट्रीय संस्थांमार्फतच जावं लागतं. हे कळायला गावाचे चार महिने गेले. कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तिसरा पर्याय रोजगार हमीतून मातीकाम करण्याचा. कागदावर तो चोख होता. पण 2023-24 मध्ये हमीची मजुरी दिवसाला 273 रुपये होती आणि गावाबाहेर साध्या हेलपर कामाला याच्या दुप्पट मिळत होती. शिवाय खाजणातला चिखल काढायला लांब हाताचं पोकलेन लागतं आणि हमीच्या कामावर मजुरांचं काम हिरावणारी यंत्रं चालत नाहीत. मजूर आणि साहित्य यांचं 60:40 चं प्रमाण उघाडीच्या काँक्रीटलाही अपुरं पडत होतं.

चौथा पर्याय एका म्हाताऱ्या नानांनी मांडला. मूळ बांधाच्या आत, तीन-चारशे मीटरवर, जुन्या जोळाचा एक आतला बांध होता. तो झिजून पायवाटेएवढा राहिला होता, पण त्याची रेषा शाबूत होती आणि तिथे तिवर पोचली नव्हती. तो उंचावला तर आतली 40 हेक्टर वाचतील. बाहेरची 20 सोडून द्यावी लागतील.

ठरण्याची वेळ

हा पर्याय ऐकल्यावर बैठक शांत झाली, मग भांडण झालं. तेही स्वाभाविक होतं. याच पट्ट्यात 1933 ते 1939 चरीचा शेतकरी संप झाला. खोतांच्या जाचाविरुद्ध कुळांनी सहा वर्षं जमिनी पेरल्या नाहीत, मिळेल ते खाल्लं, पण हटले नाहीत. ज्यांच्या आजोबांनी त्या जमिनीसाठी उपास काढले, त्यांना आपल्या हाताने ती खाडीला द्या असं सांगायचं होतं. आणि सोडायची कोणाची? बाहेरच्या वीस हेक्टरांत सव्वीस घरांची शेतं होती. त्यांतल्या नऊ घरांचं सगळंच बाहेर होतं.

आत जमीन असलेले म्हणत होते, निदान एवढं तरी वाचवू. बाहेरचे म्हणत होते, आम्हाला खाडीत ढकलून तुम्ही भात खाणार. तीन बैठका यातच गेल्या. एका आजोबांनी मला सुनावलं, "मॅडम, पानी कवा येल तां सरकारला कलत नाय, आमाला कलतं. पन जमीन कोनाची जाईल तां आमाला बी ठरवता येत नाय." कोंडी तिथेच होती, आणि ती तांत्रिक सल्ल्याने सुटणारी नव्हती.

ती सोडवली एका विधवा काकींनी. त्यांची पंधरा गुंठे जमीन बाहेर होती आणि आत काही नव्हतं. त्या म्हणाल्या, मी माझी जमीन सोडते, पण भाताशिवाय माझं घर कसं चालायचं ते आधी लिहून द्या. त्यानंतर प्रत्येक बैठकीत आधी काकींच्या घराचा हिशेब मांडायचा आणि मग बांधाचं बोलायचं, असं ठरलं. विस्तार कार्यक्रमाच्या आखणीत आम्ही लाभक्षेत्र मोजतो, बांधामुळे कोणाला तोटा होतो ते मोजत नाही. इथे ते गावानेच मोजायला लावलं.

तडजोड अशी झाली. आतल्या शेतकऱ्यांनी पाच वर्षं, पीक आल्यास, एकरामागे ठरावीक भात बाहेरच्या घरांना द्यायचं. आतल्या बांधालगतच्या खोलगट सार्वजनिक जागेत जिताडा माशाचं तळं करायचं आणि त्यात बाहेरच्या घरांचा हिस्सा मोठा ठेवायचा. बाहेरच्या तिवरांत चिंबोरीपालन करायचं, त्याचा गट बाहेरच्या घरांतल्या बायकांचाच असेल. सातबारा मात्र ज्याच्या त्याच्या नावावर राहील, कोणी कोणाला जमीन लिहून देणार नाही. हे शेवटचं कलम नसतं तर सह्या झाल्या नसत्या.

काय केलं

पैसा एका खिडकीतून येत नाही हे मान्य करून काम तुकड्यांत वाटलं. उघाडीची दुरुस्ती खारभूमी खात्याने घेतली, कारण ती जुनी मंजूर रचना होती आणि नवी परवानगी लागली नाही. पोकलेनच्या भाड्यासाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून काही रक्कम आली, उरलेली गावाने वर्गणीने उभी केली आणि मुंबईतल्या गावकरी मंडळाने भर घातली. चिंबोरीसाठी राज्याच्या 2017 च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजनेत अर्ज केला. त्यात गटाला 90 टक्के अनुदान आहे, एकट्याला 75. तळ्यासाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला लाभार्थीला 60 टक्के मिळतात, सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला 40. म्हणून तोही अर्ज बायकांच्या नावाने गेला.

बांधाचं काम जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे जिथून पाणी आत घुसत होतं तो ओहोळ बंद करणं. तारीख कंत्राटदाराने नाही, नानांनी ठरवली. अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला पाणी कमी चढतं. त्या दोन दिवसांत, ओहोटी लागल्यापासून पुढची भरती चढेपर्यंतच्या सहा तासांत, दोन्ही बाजूंनी माती लोटून तोंड मिटवलं. अमावास्येला हेच केलं असतं तर सगळी माती खाडीत गेली असती. आर्थिक वर्ष संपायच्या आत बिल काढायचं म्हणून वरून मार्चच्या शेवटच्या आठवड्याची तारीख सुचवली जात होती. तेव्हा पौर्णिमेचं उधाण होतं. गावाने ती नाकारली, हे फार बरं झालं.

शेतीच्या बाजूने आम्ही पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राशी बोललो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या त्या केंद्राने पनवेल 1, 2 आणि 3 या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या आहेत आणि भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर ट्रॉम्बे कोकण खारा ही जात तयार केली आहे. गावात काही घरांकडे लाल राता हा जुना भाताचा वाणही होता. तो आम्ही बदलायला सांगितला नाही, शेजारीशेजारी लावला.

बियाण्यापेक्षा महत्त्वाचं ठरलं ते पेरणी कधी करायची हे. मातीतली क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत भात निभावतं. त्यापुढे एकेक अंश वाढला की उत्पन्न सुमारे 12 टक्के घटतं. रोपावस्था आणि निसवण (लोंब्या बाहेर पडण्याची वेळ) या दोन वेळा सगळ्यात हळव्या. म्हणून गटासाठी एक क्षारता मीटर घेतला आणि दोन मुलींना तो वापरायला शिकवलं. जून-जुलैत दर चार दिवसांनी ठरलेल्या बारा शेतांतलं पाणी आणि माती तपासायची, आकडा देवळाच्या फळ्यावर लिहायचा, खाली उतरला की त्या पट्ट्याची लावणी. रोपं गावठाणाच्या उंच जागेत वाढवली, महिनाभराची झाल्यावर लावली आणि एका चुडात चार-पाच काड्या ठेवल्या. वर्षभर जमीन खोल नांगरली नाही, कारण खोल नांगरटीने खालची खारट माती वर येते.

काय हाती लागलं

2024 च्या खरिपात आतल्या 40 हेक्टरांपैकी सुमारे तीस हेक्टरांवर भात निघालं. बांधालगतचा पट्टा खारटच राहिला, तिथे रोपं जळाली. भाताचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 2,300 रुपये होता, पण इथे विकायला फारसं उरत नाही. घरचं वर्षाचं भात घरचं झालं, हाच हिशेब लोक धरतात. बाहेरच्या घरांचा वाटा पहिल्या वर्षी पूर्ण दिला गेला. मापं देवळापुढे झाली.

चिंबोरीचा पहिला फेरा वाया गेला. पिल्लं उशिरा आली, चिंबोऱ्या एकमेकींना खातात म्हणून आकाराप्रमाणे वेगळ्या ठेवायच्या असतात ते जमलं नाही, आणि एका उधाणाला जाळं फाटून बऱ्याचशा निघून गेल्या. बायका खचल्या होत्या. दुसऱ्या फेऱ्याला जाळ्याचा खालचा काठ चिखलात खोल गाडला, आतून कप्पे केले, आणि माल अलिबागच्या हॉटेलांना थेट गेला. काकींच्या हाती त्यातून पहिल्यांदा रोख आली. जिताड्याच्या तळ्याला मंजुरी मिळाली, पण अनुदान आधी खर्च करून मग मिळतं. तेवढे पैसे पुढे घालायची ताकद नसल्याने तळं अर्धंच खोदलं गेलं आहे.

2025 मध्ये वेगळीच परीक्षा झाली. बांधाची उरलेली उंची मे महिन्यात वाढवायची होती, आणि पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू झाला. 26 मे ला मोसमी वारे मुंबईत पोचले, नेहमीपेक्षा पंधरवड्याने आधी. ओल्या मातीचा बांध बसत नाही, घसरतो. काम थांबवलं. उलट मीठ लवकर धुतलं गेलं, फळ्यावरचे आकडे लवकर उतरले आणि लावणी आठ-दहा दिवस आधी झाली. मीटर नसता तर लोक नेहमीच्या नक्षत्राची वाट बघत बसले असते. पण त्या वर्षी बाहेरच्या घरांचा भाताचा वाटा सगळ्यांनी दिला नाही. काहींनी दिला, काहींनी पीक कमी आल्याचं सांगितलं. करार साध्या कागदावर आहे आणि पीक कमी आलं म्हणजे किती, हे त्यात लिहिलेलं नाही.

वेगळं काय करता येईल

पंचनाम्याची भीती आधी घालवायला हवी. खांड पडली त्या दिवशी मोबाइलवर ठिकाण आणि वेळ येणारे फोटो काढायचे, तलाठी आणि कृषी सहाय्यकांना लगेच पाठवायचे, ग्रामपंचायतीने ठराव लिहायचा आणि त्याच ओहोटीला खांड बुजवायची. ही साधी सूचना मान्सूनपूर्व बैठकीत लेखी देणं तालुक्याच्या हातात आहे. तीन हात खांड बुजवायला पेंढा, बांबू, चिखल आणि पंधरा माणसं पुरतात. दोन वर्षांनी तेच काम लाखांत गेलं.

वाटणीचा करार नोंदणीकृत हवा आणि त्यात पीक किती आलं हे कोण ठरवणार तेही हवं. लावणीच्या वेळी मीटर वाचणाऱ्या त्या दोन मुलीच कापणीला प्रत्येक पट्ट्यात मोजणी करू शकतात. गावाचा त्यांच्यावर विश्वास बसला आहे.

प्रात्यक्षिकाचं बियाणं पहिल्या वर्षी जुलैच्या मध्यावर पोचलं, रोपं टाकायची वेळ उलटल्यावर. खारेपाटासाठी ते मेच्या पहिल्या आठवड्यात गावात असलं पाहिजे. आणि बांधाच्या कामांचा निधी मार्चऐवजी डिसेंबरात हातात आला तर भांगाच्या भरत्या गाठता येतील. पाऊस मेमध्ये येऊ लागला तर मार्च-एप्रिल हीच कामाची शेवटची खिडकी उरते. शेवटच्या महिन्यावर भिस्त ठेवून केलेलं कुठलंही वेळापत्रक इथे टिकणार नाही.

उघाडीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. नव्या झडपेत फांदी, प्लास्टिक अडकलं की ती पूर्ण मिटत नाही आणि एका रात्रीत खारं पाणी आत येतं. पावसाळ्याचे चार महिने रोज दोन्ही भरत्यांना कोणीतरी तिथे जायला हवं. सध्या नाना जातात, त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांना कोणी पैसे देत नाही. कोणत्याही योजनेत राखणदाराच्या मानधनाचं लेखाशीर्ष नाही. गावाने एकराला ठरावीक वर्गणी काढून दोन तरुणांना चार महिन्यांचं मानधन द्यावं, असा प्रस्ताव जोळाच्या नावानेच पुढच्या ग्रामसभेत येणार आहे. बाहेरच्या घरांतल्या मुलांना ते काम आधी द्यावं, अशी काकींची त्यात दुरुस्ती आहे.